कॅनॉलचा रस्ता

५ जानेवारी

आजपासून मोठा बंब माझ्या पंकजाच्या हातात. इतके दिवस ती लहान गाडीवर होती, बाजाराच्या बोळात शिरणारी. मोठ्या बंबाचे जुने चालक निवृत्त झाले, आणि साहेबांनी चावी हिला दिली. कल्याण तिच्याबरोबरचा फायरमन. त्याने चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला आणि म्हणाला, "ताई, रिव्हर्स घ्यायच्या आदी आमाला तेवढं खाली उतरू द्या." सगळे हसले म्हणे. पंकजा मला सांगतानाही हसत होती.

मला हसू आलं नाही. तिचे वडील चालवायचे तो बंब हा नव्हे. तो पाच वर्षांपूर्वी कॅनॉलच्या रस्त्यावर उलटला, आणि ते त्याच्याखालीच राहिले. पण रंग तोच आहे, आवाज तोच आहे. अनुकंपावर नोकरी लागली तेव्हा मी म्हटलं होतं, ऑफिसात बस. "आई, ऑफिसात माझं काय हाय?" एवढंच बोलली होती.

९ जानेवारी

स्टेशनच्या मागच्या भिंतीला लागून आमची खोली आहे. सायरन वाजला की भांडी थरथरतात. मग मी फोन लावते. पंकजा चिडते. गाडी चालवताना फोन घेतला तर मेमो मिळतो म्हणते. म्हणून आता तिचा फोन शेजारी बसलेला कल्याण उचलतो. "बोला मावशी. ताई स्टेअरिंगवर हाय. निरोप काय, नेहमीचाच का?" नेहमीचाच म्हणजे सावकाश जा.

आज ती जेवायला बसल्यावर मी म्हटलं, माझ्या गळ्याची शपथ घे, कॅनॉलच्या रस्त्याने बंब नेणार नाहीस. माझ्या माहेराकडे आणि पलीकडच्या पाच-सहा वाड्यांना तोच जवळचा रस्ता आहे. डांबरीने गेलं तर मोठा वळसा पडतो. तिने शपथ घेतली नाही. नाहीही म्हणाली नाही. भाकरी मोडत राहिली.

१५ जानेवारी

अंगद आला होता, माझा धाकटा भाऊ. संक्रांतीचा ऊस, बोरं, हरभऱ्याचे डहाळे, भावजय सुरेखाने केलेले तिळाचे लाडू असं सगळं पिशवीत भरून घेऊन आला. हे गेल्यापासून एकही सण त्याने चुकवला नाही. आई-वडील नाहीत. माहेर म्हणजे तोच.

उसावरून फार वैतागला होता. "आक्का, तुरं आलं उसाला, वजन घटाय लागलं. तोडीची टोळी शेजारच्या रानात पाल्याच्या कोप्या घालून बसलीय, पन माझ्या फडाला हात लावीत न्हाई. म्हनं कारखान्याचा नंबर न्हाई. आन ज्याचा जळतो त्याची तोड चार दिवसांत. नीट वागनाऱ्यानं तुरं मोजीत बसायचं."

मी म्हटलं, येईल नंबर. मग त्याने पंकजाची चौकशी केली. कोणकोणत्या दिवशी ड्यूटी असते, वाडीवरून आगीची वर्दी आली तर तीच येते का, कोणत्या रस्त्याने येते, पोहोचायला किती वेळ लागतो, टाकीतलं पाणी किती पुरतं. मला माहीत होतं ते सगळं सांगितलं. कॅनॉलच्या रस्त्याची मला किती भीती वाटते तेही सांगितलं. त्याने मान डोलावली. "खरंय तुझं. त्या रस्त्यानं नगंच."

भाचीची एवढी काळजी करणारा मामा सगळ्यांना नसतो. तो गेल्यावर ऊस सोलून खाल्ला. गोड होता, पण मधे पोकळ पडायला लागला आहे.

२ फेब्रुवारी

पंकजाचं प्रशिक्षणाचं पुस्तक वाचते आहे. मी शाळेत गेले नाही. ती पहिलीत होती तेव्हा तिच्या पुस्तकातून तिच्याबरोबर अक्षरं शिकले, आणि ती दुसरीत गेली तरी मी पहिलीचं पुस्तक ठेवून घेतलं होतं. हे पुस्तक अवघड आहे. तरी एक पान तीनदा वाचलं. टाकी पूर्ण भरलेली नसेल तर वळणावर पाणी एका बाजूला धावतं आणि गाडी ओढून नेतं, असं लिहिलं आहे. म्हणजे त्या दिवशी ह्यांची टाकी अर्धी होती. आग विझवून परत येत होते ना. पाच वर्षं मी समजत होते की ह्यांना झोप लागली असेल.

११ फेब्रुवारी

अंगदचा फोन. परवा पंकी ड्यूटीवर आहे का, असं विचारत होता. आहे म्हटलं, सकाळपासून. "बरं झालं. आपलं मानूस असलेलं बरं असतं." हुरडा पाठवायचा असेल.

१३ फेब्रुवारी

सकाळी तूर निवडत होते. अंगदचा फोन आला. "आक्का, रानात पाचट पेटीवलंय. धूर बघून कुनी वर्दी देईल. तू पंकीला तेवढं सांग, घाई करू नको म्हनावं. उगं कॅनॉलनं पळत यायची. डांबरीनं सावकाश यायला सांग."

मला त्याचं इतकं बरं वाटलं. किती आठवण ठेवली त्याने.

तूर निवडून झाली, सुपात घेतली, तेव्हा सायरन वाजला. मी लगेच फोन लावला. कल्याणला म्हटलं, माझ्या माहेरची वर्दी आहे का? म्हणाला, व्हय. मग सांगितलं, मामाच्या रानातलं पाचट जळतंय, नुसता वाळला पाला, घाबरण्यासारखं नाही, डांबरीने जा. तो तिला सांगत होता ते मला ऐकू आलं. पंकजा म्हणाली, "मामाचं पाचट व्हय? मग बरं. डांबरीनं घेते." मी देवापुढे साखर ठेवली.

दुपारी सुरेखाचा फोन आला. ती नुसती रडत होती. अंगदचा उभा ऊस पेटला. वारं फिरलं आणि आग शेजारच्या रानात ऊसतोडीवाल्यांच्या कोप्यांवर गेली. माणसं लांब फडात होती. लंकाबाई म्हणून एक बाई कोपीवर होती. ती दावणीचे बैल सोडायला आत गेली. तिची पाठ आणि दोन्ही हात भाजले. पंकजानेच तिला बाहेर काढलं.

दिवस मावळताना पंकजा आली. मी दारातच पाणी दिलं. तोंड काळं, भुवया गेलेल्या. आंघोळ करून बसली आणि म्हणाली, "कॅनॉलनं गेले असते तर कोप्या पेटायच्या आत पोचले असते."

मी म्हटलं, तुला काय माहीत होतं.

"मला काय माहीत होतं ते नाही गं. मी कुठल्या रस्त्यानं गेले, ते."

१४ फेब्रुवारी

जेवली नाही. कल्याण येऊन गेला. नांगरलेल्या रानातून हिने बंब कसा काढला, गोळा झालेले लोक कसे ओरडून बाजूला केले, ते सांगत होता. हिला बरं वाटावं म्हणून सांगत होता. "लोकं तर बंबाला आडवी यायली हुती, मावशी. म्हनं उसावर पानी मारू नका, जळू द्या पुरा. ताई म्हनली, पुढनं सरका न्हाईतर तुमच्यावर मारते." मला वाटलं पंकजा थोडी हसेल. तिने पांघरूण डोक्यावरून घेतलं.

जाताना कल्याण दारात हळूच म्हणाला, वाडीवर बोलतात की लंकाबाईच्याच चुलीची ठिणगी उडाली. ती चूल विझवायला विसरली.

१६ फेब्रुवारी

पंकजा म्हणाली, "मी चावी परत देणार आहे. ऑफिसात टेबल मागते. नाही दिलं तर सोडते."

मी आत जाऊन पीठ मळलं. लिहायला लाज वाटते, पण मला बरं वाटलं. पाच वर्षांत एवढं बरं वाटलं नव्हतं. एक बाई दवाखान्यात भाजून पडली आहे, पोरगी जेवत नाही, आणि मी मनात म्हणते आहे, आता ही घरी राहील.

१८ फेब्रुवारी

सुरेखाने फोनवर सांगितलं, "वन्सं, कालपासून दोन टोळ्या लावल्यात कारखान्यानं. जळलेला म्हणून लगेच तोड आली. दोन दिवसांत रान मोकळं होईल." मग हळूच "ह्यांना झोप लागत नाही," म्हणाली आणि फोन ठेवला.

मी भांडी घासायला बसले. हातातला तांब्या तसाच राहिला.

तोड आत्ता लागली. म्हणजे त्या दिवशी ऊस उभा होता. पाचट तर ऊस तोडल्यावर रानात पडतं. तोड झालीच नव्हती, तर अंगदने पेटवलं ते पाचट कुठलं?

मी शेतकऱ्याची मुलगी आहे. बारा वर्षांची असल्यापासून पाचट गोळा केलं. फोन आला तेव्हाच हे सुचायला हवं होतं. पण त्याने डांबरीने यायला सांग म्हटलं, आणि पुढचं मी ऐकलंच नाही. शिवाय त्याचा फोन आला तेव्हा सायरन वाजायचा होता.

पंकजाला वाटतं आहे, मामाने लांबून धूर पाहिला आणि चुकून पाचट समजून फोन केला. तिला मी काही बोलले नाही. आज तरी नाही.

१९ फेब्रुवारी

माहेरी जाऊन आले. सुरेखाने चहा टाकला आणि आतच राहिली. अंगद ओट्यावर बसला होता. दाढी वाढलेली.

मी सरळ विचारलं. आधी त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही.

"वारं वरच्या अंगाला हुतं, आक्का. कोप्या खालच्या अंगाला. मी काय येडाय का? सकाळपासनं मातीची चिमट उडवून बघत हुतो. अर्दा जळला आन अर्दा हिरवा राह्यला, तर जळका तेवढाच नेत्यात. म्हनून म्हनलं, बंब जरा मागनं आला पायजे."

"म्हणून माझ्या तोंडून सांगितलंस."

"तुला खोटं वाटू नये म्हनून तेवढं पाचट म्हनलं."

"आणि ती बाई?"

"मी तिला बैलं सोडायला सांगितली का?" एवढं जोरात बोलला आणि मग तोंड झाकून रडायला लागला. लहानपणी विहिरीत पडलेलं वासरू वर काढलं तेव्हा असाच रडला होता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. का ठेवला माहीत नाही.

रडून झाल्यावर डोळे पुसत म्हणाला, "तू बोललीस तर पंकीला बी इचारतील. लांबचा रस्ता का घेतला? आईनं सांगितलं म्हनून? मग तिची नोकरी ऱ्हातीय का? गप बसलीस तर समदीच वाचतो. तशीबी लोकं म्हनत्यात, चूलच हुती त्यांची."

"लोक म्हणतात, का तू म्हणालास?"

 सुरेखा चहा घेऊन आली. मी चहा घेतला. माहेरचा चहा नाकारायचा कसा, ते मला येत नाही. परत येताना वाटेत काळं रान दिसलं. अर्ध्याच्या वर तुटलं होतं.

२० फेब्रुवारी

काही लिहिण्यासारखं नाही. पंकजाने अर्ज लिहिला आहे. उशाशी ठेवला आहे. द्यायचं धाडस अजून होत नाही, असं दिसतं. मी गप्प बसले तर तो अर्ज जाईल. अंगद राहील, माहेर राहील, पंकजा टेबलावर बसेल आणि संध्याकाळी घरी येईल. मला हवं ते सगळं गप्प बसण्यात आहे.

२१ फेब्रुवारी

नगरला सरकारी दवाखान्यात गेले. पंकजाला सांगितलं नाही. एसटीत केडगावपर्यंत उभीच होते. मऊ भात आणि ताक नेलं होतं, ते कसं वाटेल याचाच विचार चालला होता.

लंकाबाई पालथी निजवली होती. माझ्याहून थोरली असेल. हातांना पट्ट्या. सून शेजारी खाली बसलेली, मांडीवर तान्हं मूल. मी कोण ते विचारलं. बंब चालवते त्या मुलीची आई म्हटलं.

लंकाबाईने मान माझ्याकडे वळवली. "ती पोर? तिनं मला उचलली. पोत्यावानी खांद्यावर टाकली. तिला म्हनावं, बैलं जगली माही. दोन्ही."

मी भात काढला. सुनेने तिला चमच्याने भरवला. दोन घास खाऊन ती म्हणाली, "चूल म्या इजवली हुती. पानी मारलं, वर राख लोटली. पर मुकादम म्हनतो न्हाई इजवली. वाडीवाले म्हनत्यात न्हाई इजवली. ह्यो माहा ल्योक बी म्हनाला, आय, आठवून पाह्य. लई आठवलं. आता मला बी वाटतं बाई, न्हाईच इजवली. दुसऱ्याचं रान जाळलं म्या."

सुनेने चमचा थांबवला होता. तिने खालूनच सांगितलं, "विझवली होती. फडात निघताना मी पाहिलं. पण मला कोण विचारतं?"

मी उठून उभी राहिले. जायला उठले, असंच मलाही वाटलं. मग म्हटलं, "तुमच्या चुलीनं नाही पेटलं."

"तुमाला काय ठावं?"

"माझ्या भावानं पेटवलं. त्याचाच ऊस होता. लवकर तोड मिळावी म्हणून."

ती रडली नाही, ओरडली नाही.  शेजारच्या खाटेवरच्या बाईने कूस बदलली. सून मुलाला उराशी धरून उठून उभी राहिली होती.

लंकाबाई म्हणाली, "हे हितंच सांगनार, का तिकडं बी?"

मी तिकडंही सांगेन म्हटलं. बाहेर येऊन दवाखान्याच्या पायरीवर बसले. 

२२ फेब्रुवारी

पंकजाला सगळं सांगितलं. आधी तिला कळलंच नाही. मग एकेक विचारत गेली.

"मामाचा फोन सायरनच्या आधी आला होता?"

"हो."

"आणि पाचट म्हणाला?"

"हो."

"तुला पाचट कळत नाही?"

"कळतं. त्या दिवशी कळून घेतलं नाही."

ती माझ्यावर ओरडेल असं वाटलं होतं. तिने चप्पल घातली आणि निघून गेली. भिंतीपलीकडे बंबाचा पंप सुरू झाल्याचा आवाज आला. सकाळी एकदा तपासून झाला असताना पुन्हा सुरू केला होता. बराच वेळ चालू ठेवला.

परत आली तेव्हा हात ओले होते. अर्ज उचलला, चार घड्या केल्या आणि चुलीत टाकला. म्हणाली, "मी साहेबांना सांगून आले. रस्ता मी निवडला, घरच्या फोनवर विश्वास ठेवून निवडला. मेमो निघंल म्हणाले. निघू दे. पण आई, आता कुठल्या रस्त्यानं जायचं ते मी ठरवणार. तू नाही."

"कॅनॉलनंही?"

"कॅनॉलनंही."

मी हो म्हटलं नाही. पण माझ्या गळ्याची गोष्टही काढली नाही. मग आम्ही जेवलो. तिने दीड भाकरी खाल्ली.

२३ फेब्रुवारी

अंगदला फोन करून सांगितलं, उद्या पोलीस स्टेशनला जाणार आहे. तू आधी गेलास तर बरं. तो म्हणाला, "तू बहीन न्हाईस माझी." मी फोन कानाला लावून बसले. त्यानेही ठेवला नाही.  शेवटी मीच ठेवला.

२४ फेब्रुवारी

तो गेला नाही. मी गेले. पंकजाची सुट्टी होती, ती बरोबर आली, पण तिला बाहेर थांबवलं. जबाब माझा होता.

हवालदार वयाने बरे होते. सगळं शांतपणे ऐकून लिहून घेतलं. "मावशी, वाचून दाखवू का?"

"मी वाचते."

त्यांनी कागद पुढे सरकवला. अक्षर बारीक होतं. बोट ठेवून वाचलं. नाव बरोबर होतं, बनुबाई रामहरी, वय, धंदा घरकाम. फोन बरोबर होता. पुढे लिहिलं होतं, माझा भाऊ अंगद याने त्याच्या शेतातील पाचट पेटविले असता आग उसात पसरली.

मी म्हटलं, हे असं मी सांगितलं नाही.

त्यांनी पेनचं टोपण लावलं. दाराकडे बघून आवाज खाली आणला. "मावशी, सख्खा भाऊ ना तुमचा? त्या बाईच्या चुलीवरचा आळ तर गेला. तुमचं काम झालं. पाचट असू द्या. पाचट म्हटलं की चूक ठरते. ऊस म्हटलं की मुद्दाम केलं ठरतं. ती बाई जगली-वाचली ठीक, नाहीतर फार पुढं जाईल हे. विचार करा. दोन मिनिटं बसा."

मी बसले. दोन मिनिटांहून जास्तच बसले. ते चांगल्या मनाने म्हणत होते. लंकाबाईला कागदातला शब्द दिसणार नव्हता. पंकजालाही नाही. अंगदने संक्रांतीला आणलेल्या पिशव्या, हे गेले तेव्हा तेरा दिवस माझ्या उंबऱ्यावर झोपलेला अंगद, सगळं डोळ्यांपुढे आलं. मी म्हणणारच होते, राहू द्या.

मग वाटलं, हाच शब्द त्याने मला फोनवर दिला होता, आणि तो मी पंकजाला दिला. आता इथे सहीनिशी ठेवायचा.

"त्याच्या उसाची तोड झालेली नव्हती," मी म्हटलं. "पाचट कुठून येईल? ऊस लिहा."

"नक्की?"

"ऊस लिहा."

त्यांनी आडवी रेघ मारली, वर शब्द लिहिला आणि पुढचं वाक्य दुरुस्त केलं. खोडलं त्या जागी सही लागते म्हणाले. तिथे केली, मग खाली केली. अंगठा नको, सही करते म्हटल्यावर त्यांनी शाईचं पॅड बाजूला सरकवलं.

बाहेर पंकजाने विचारलं, "झालं?" मी मान हलवली. आम्ही चालतच निघालो. वाटेत सुरेखाचा फोन आला. वाजून बंद झाला. परत आला. पंकजा म्हणाली, "नको घेऊस आता."

तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी रस्त्याच्या कडेला उभी राहिले आणि घेतला.